पिचर पोरगं: नुसती लिटल लीग की जोडीला ट्रॅव्हल टीमपण?

वहिनी, तुमचा फोन ठेवला आणि म्हटलं नीट लिहूनच काढते. पोरगं ११ वर्षांचं, बेसबॉलमध्ये पिचिंग करतं, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकतं, त्यामुळे आधी हाताचंच बघू.

लिटल लीग म्हणजे गावातली मुलांची लीग, तिथे ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (बॉल), ६६ किंवा जास्त टाकले की ४ दिवस आराम, आणि ४१ टाकले की त्या दिवशी परत कॅचर (बॅट्समनमागे बसून बॉल झेलणारा) म्हणून बसवत नाहीत. ट्रॅव्हल टीम, म्हणजे बाहेरगावी जाऊन स्पर्धा खेळणारी, तिथेही बऱ्याच ठिकाणी नियम असतात हो, पण दोन कोच एकमेकांशी बोलत नाहीत ना, शनिवारी इथे ५० रविवारी तिथे ५० आणि एकत्र बेरीज कुणीच करत नाही. आमच्याकडे हेच झालं, लेक दुधाचा गॅलन डाव्या हाताने उचलायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, कोपराच्या आतल्या बाजूची ग्रोथ प्लेट (वाढत्या हाडाचा नाजूक भाग) दुखावली होती.

सुट्टीचं म्हणाल तर वर्षातून ४ महिने पिचिंग बंद हवं, त्यातले २-३ सलग. इथे न्यू जर्सीत लिटल लीगवाल्याला ते थंडीत आपसूक मिळतं, ट्रॅव्हलचं इनडोअर चालूच.

खर्चात तर तुलनाच नाही, ट्रॅव्हलला खूप जास्त, हॉटेल आणि गाडीचं पेट्रोल वेगळं.

पिचिंगची आवड आहे, अजून वाढतोय, तर लिटल लीग आणि थंडीत बास्केटबॉल. चांगली स्पर्धा हवीच असेल तर ट्रॅव्हल घ्या, पण तिथे पिचिंगऐवजी फर्स्ट बेसला (फिल्डिंगची जागा, हाताला ताण कमी) खेळवा आणि पिचची वही तुम्हीच ठेवा.