स्क्रम की कानबान: कोकणातून काम करणाऱ्या लहान टीमसाठी

स्क्रम आणि कानबान या सॉफ्टवेअरचे काम आखण्याच्या दोन्ही पद्धतींची तोंडओळख वाचकाला आहे असे मी गृहीत धरतो. कामांच्या बोर्डावर किती रकाने असावेत, रोजची बैठक किती मिनिटांची असावी, यांत शिरत नाही. प्रश्न एवढाच आहे की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा गावांतून आपापल्या घरी बसून काम करणाऱ्या आणि ग्राहक मात्र मुंबई-पुण्यात असलेल्या लहान टीमने, पुढचे फारसे काही नक्की सांगता येत नसताना, या दोहोंपैकी काय निवडावे. आमच्या टीमने दोन्ही वापरल्या आहेत, त्यामुळे हे मत अगदी तटस्थ आहे असा दावा करता येणार नाही.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या स्क्रमचे अनिश्चिततेला उत्तर सरळ आहे: महिन्यापेक्षा मोठा टप्पा (स्प्रिंट) घ्यायचाच नाही आणि प्रत्येक टप्प्याअखेर काहीतरी चालणारे दाखवायचे. ग्राहकालाच काय हवे ते ठाऊक नसते तेव्हा या शिस्तीला तोड नाही. आंबा बागायतदारांसाठी विक्रीच्या नोंदींचे ॲप करताना हे चांगलेच जाणवते. पेटी चार डझनांची, पाच डझनांची की सहा, हे फळाच्या आकारावर ठरते आणि दरही त्याप्रमाणे बदलतो, ही गोष्ट मागणीपत्रात कुणी लिहीत नाही. डेमोत स्क्रीन समोर आली की मात्र पहिल्याच मिनिटाला निघते.

आमचे अडले ते स्प्रिंटच्या शेवटी उरणाऱ्या कामापाशी. मिरगाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाते, इन्व्हर्टर काही तास तग धरतो, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि नेटही जाते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तसे काही घडायलाच हवे असे नाही. साधा लागून राहिलेला पाऊस पुरतो. अशा वेळी जवळजवळ पूर्ण झालेले टिकीट (बोर्डावरचे एक काम) स्प्रिंटच्या सीमेवर अडकते, आणि मग बैठकीत तोच वाद सुरू होतो: याचे पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) या स्प्रिंटला शून्य धरायचे का, उरलेल्या भागाला नवे पॉइंट द्यायचे का, की टिकीटच दोन तुकड्यांत फोडायचे? शून्य धरले तर या वेळची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) कोसळते आणि पुढच्या वेळची विनाकारण फुगते. फोडले तर जे तुकडे ग्राहकाच्या कामाचे नाहीत ते बोर्डावर येतात. ज्या आकड्यावर पुढचे नियोजन करायचे तोच असा खाली-वर होत राहतो आणि हिशेबाची ही बैठक प्रत्यक्ष उरलेल्या कामापेक्षा लांबते. वास्तविक हे स्टोरी पॉइंट स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत नाहीतच, आणि २०११ च्या आवृत्तीने स्प्रिंटच्या कामाला वचनबद्धता म्हणणे सोडून अंदाज म्हटले. पण ग्राहक ते वचन म्हणूनच ऐकतो, हा अनुभव बहुतेकांना असेल.

कानबानमध्ये ही सीमाच नाही. टोयोटाच्या कारखान्यातली ही कल्पना डेव्हिड अँडरसन यांनी सॉफ्टवेअरकडे वळवली. तिचा गाभा असा की एका वेळी हातात किती कामे घ्यायची यावर मर्यादा घालायची आणि प्रत्येक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती दिवस लागले ते नोंदवत राहायचे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे उपयोगी पडतो: कामे संपण्याचा वेग तोच राहिला तर हातातली कामे जितकी जास्त, तितका प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ जास्त. तारीख विचारली की आम्ही आता जुन्या नोंदी पाहून, अशा कामांपैकी ८५ टक्के इतक्या दिवसांच्या आत झाली आहेत, असे उत्तर देतो. कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळे वेळापत्रक लावते, तशा आम्ही जून ते सप्टेंबरच्या नोंदी वेगळ्या ठेवतो आणि त्या काळात सुरू होणाऱ्या कामाचा अंदाज त्यांवरूनच सांगतो. लाइट गेलेले दिवस त्यात आपोआप आलेले असतात, त्यांचा खुलासा करावा लागत नाही. गणपतीच्या आठवड्यात निम्मी टीम पाहुण्यांच्या सरबराईत असली तरी कामे कमी संपतात इतकेच. मोडायला स्प्रिंट नसतो.

अर्थात कानबान निर्दोष नाही. एखादे टिकीट रकान्यात पडून राहते आणि कुणालाच टोचत नाही. त्यामुळे टिकिटाचे वय बोर्डावर ठळक दिसेल अशी सोय करावीच लागते. नवख्या मुलांना स्प्रिंटचा ठरलेला ताल नसला की सुरुवातीला हरवल्यासारखे होते, असेही दिसते. सगळे एका कार्यालयात बसत असतील, वीज-नेटची चिंता नसेल आणि उत्पादन अगदी नवे असेल, तर कदाचित मीही स्क्रमच सुचवीन.

आमच्यासारखी स्थिती असेल तर मात्र कानबान आधी करून पाहावे असे मला वाटते. दर पंधरा दिवसांचा डेमो आम्ही सोडलेला नाही. त्या दिवशी जे पूर्ण असेल तेवढे दाखवतो. एक गोष्ट ग्राहकाशी आधी बोलून घ्यावी: करारात देयक स्प्रिंटवर बांधलेले असेल तर ते महिन्यावर आणावे, नाहीतर बोर्ड कानबानचा आणि भांडण पुन्हा स्प्रिंटचेच, अशी गत होते.