पात्रांच्या मुखवट्यांचा रविवारचा वर्ग: सर उत्तम, वर्तुळं नकोत

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा हा वर्ग भरतो. विषय: साहित्यातल्या पात्रांचा चारचौघांतला चेहरा आणि आतला माणूस. फी २५०० रुपये. मी लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे दुकान उघडायच्या आत उरकणारं काहीतरी मिळालं हेच पुष्कळ. विषयही आमच्या धंद्यातलाच. दिवसभर ‘वहिनी, हा रंग तुम्हाला खुलतोय’ म्हणणाऱ्या माणसाला मुखवटा काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागत नाही. आणि गंमत अशी, की बऱ्याचदा तो रंग खरंच खुललेला असतो.

सर मात्र काढून दाखवतात. दोन वर्तुळं: बाहेरचं खोटं, आतलं खरं. मग येईल ते पात्र त्यात बसवायचं. पहिला नंबर लखोबा लोखंडेचा. अत्र्यांच्या १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मधला निपाणीचा तंबाखूवाला. बाहेरच्या वर्तुळात त्याची सोंगं भराभर लिहून झाली, आतल्यात ‘खरा लखोबा’ एवढंच. खरा म्हणजे कोणता? नाटकभर हा माणूस आपण कोण नव्हे तेवढंच सांगत राहतो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी लखोबा गाजवणारे नट पणशीकर आणि त्या नाटकाचा फिरता रंगमंच यांचा विषय काढला आणि वर्तुळं बाजूलाच राहिली. फार बरं झालं.

नंतर जेकिल आणि हाइड: औषध पिऊन दुष्ट हाइड होणारा सभ्य डॉक्टर जेकिल. जेकिल मुखवटा, हाइड खरा, असं सरांनी लिहिलं. स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या या गोष्टीत शेवटी जेकिलची लांबलचक कबुली आहे. त्यात तो म्हणतो, की मी माझा नावाजलेला देह उतरवायचो आणि हाइडचा देह जाड झग्यासारखा अंगावर घ्यायचो. कपड्याचा उल्लेख आला की आमचे कान टवकारतातच. म्हणजे पांघरूण हाइड आहे! चैन जेकिलची, बदनामी हाइडची. शिवाय औषधानं निव्वळ वाईट माणूस वेगळा निघाला, निव्वळ चांगला काही निघाला नाही; जेकिल होता तसाच सरमिसळ राहिला. मी हे बोललो. सरांनी ते पान काढून मोठ्यानं वाचलं, ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणाले आणि डस्टर उचललं. पुण्यात असे मास्तर कमीच.

पैसे वसूल झाले ते तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या दिवशी. त्या दिवशी सरांनी मार्करला हात लावला नाही, नुसतं वाचलं. लीला बेणारे बाई. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि त्यात हसतखेळत तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर आणतात. वकील, साक्षीदार, न्यायाधीश ही सगळी त्यांनी घेतलेली सोंगंच, पण त्या सोंगाआडून जो विखार बाहेर येतो तो अस्सल. आणि शेवटचं स्वगत! बाकीचे जागच्या जागी थिजलेले, बाई एकटी बोलतेय, पानंच्या पानं. ती थांबते आणि न्यायाधीश झालेले काशीकर जाहीर करतात, की आरोपीला काही सांगायचं नाही. मग ती बोलली ती कुणाशी? मोठ्यानं की मनातल्या मनात? यावर हॉलमध्ये असा वाद पेटला, की पुढच्या कार्यक्रमाची मंडळी सतरंज्या घेऊन दारात उभी राहिली तरी कुणी उठेना. एक शिक्षिका म्हणाल्या, ‘स्टाफरूममध्ये आम्ही रोज असंच बोलतो, आवाज न काढता.’ सर यावर काहीच बोलले नाहीत, तेही शोभून दिसलं.

बाकी किरकोळ. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोन तासांनी पाठ बोलते, पुढच्या रांगेत पंखा येत नाही. चहा चांगला, पण कप भातुकलीतला. चारचाकी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही. नाटकं आधी वाचून जा, नाहीतर निम्मं डोक्यावरून जाईल. नोट्सच्या झेरॉक्सचे १५० रुपये वेगळे मागतात. ते देऊ नका, त्यात तीच वर्तुळं आहेत. त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकात जाऊन नाटकाचं पुस्तकच घ्या.