मोतीबिंदूची शस्त्रक्रिया: पॅकेजचा दर की बाबवार अंदाजपत्रक?

दोन दवाखान्यांचे आकडे शेजारी ठेवले की पॅकेजवाला स्वस्त वाटतो. पण पॅकेजमध्ये नेमकं काय धरलंय, हे विचारल्याशिवाय तुलना फोल आहे.

सगळ्यात मोठा फरक लेन्सचा असतो. पॅकेजमध्ये बहुधा साधी मोनोफोकल (एकाच अंतरावर स्पष्ट दिसणारी) लेन्स धरलेली असते; मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारी) किंवा तिरकस नंबरासाठीची टोरिक लेन्स घेतली की आकडा झपाट्याने वाढतो. म्हणून लेन्सचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या आणि तीच लेन्स धरून दुसरीकडे दर विचारा. दर एका डोळ्याचा की दोन्ही, हेही तिथेच स्पष्ट करा.

बाबवार अंदाजपत्रकात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, लेन्स आणि औषधं वेगळी दिसतात. कशात काय वगळलंय ते लगेच कळतं, पण एकूण बिल वर सरकण्याचा धोका रुग्णावर राहतो. पॅकेजमध्ये तो धोका दवाखान्याकडे जातो, तोही कागदावर लिहिलं असेल तरच. शस्त्रक्रियेत लेन्समागचा पातळ पडदा फाटला तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढण्याची क्रिया, करावी लागू शकते. तिचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारा.

बायोमेट्री (लेन्सचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याचं मोजमाप), नंतर काही आठवडे घालायचे थेंब आणि फेरतपासण्या दोन्हीकडे अनेकदा सुटतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागचा हाच पडदा धुरकट झाला तर तो मोकळा करायला याग लेसर लागतं. ते पॅकेजमध्ये क्वचितच असतं.

विमा असेल तर बाबवार कागदच मागा. लेन्सचा खर्च पॉलिसीतल्या मर्यादेत बसतो का, ते त्यावरूनच तपासता येतं.