अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल बोगद्यात कसा चालतो: नऊ महिन्यांनंतर

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा. वापर मुख्यतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यांत (भाताण, माडप, खंडाळा, कामशेत) आणि कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात. बंपरमध्ये रडार, काचेमागे कॅमेरा, अंतराच्या चार पायऱ्या.

गाडी दुसऱ्या पायरीवर सेट होऊन येते. बोगद्यासाठी ती तोकडी आहे. पायरी मीटरची नसते, वेळेची असते. पुढच्या गाडीने एसओएसचा (आपत्कालीन फोनचा) फलक ओलांडला की ‘एकशे एक, एकशे दोन’ मोजायचं. दुसऱ्या पायरीवर ‘एकशे दोन’ पुरं होण्याआधीच फलक मागे जातो, म्हणजे ताशी 60 ला जेमतेम 22 मीटर. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच दीड सेकंद, म्हणजे 25 मीटर, संपतात. चौथ्या पायरीवर दोन सेकंद, 33 मीटर मिळतात. बोगद्याच्या तोंडाशी रस्ता ओला असेल तर तेही कमीच, मग वेग 5-10 ने उतरवावा.

एवढी जागा दिसली की कुणीतरी घुसतंच, लेन बदलायला मनाई असली तरी. तेव्हा यंत्रणा दचकून ब्रेक लावते आणि धसका मागच्याला बसतो. घुसणारा इंडिकेटर देतानाच सेट स्पीड (आपण ठरवून दिलेला वेग) बटणाच्या दोन टिचक्यांनी खाली आणला, तर हे टळतं.

खरी अडचण थांबलेल्या रांगेची. भिंती, पंखे, फलक या सगळ्यांवरून रडारला प्रतिध्वनी येतात, म्हणून स्थिर वस्तूंकडे ते बरंचसं दुर्लक्ष करतं. चालती गाडी पुढे नसताना थेट उभ्या ट्रकशी गाठ पडली, तर ब्रेक उशिरा लागतो. वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक पकडून उगाच वेग कमी होतो, तो त्रास वेगळा. बाहेर पडताना समोरून ऊन आलं की कॅमेरा क्षणभर आंधळा होतो आणि डॅशवरचं पुढच्या गाडीचं चिन्ह जातं. चिन्ह गेलं की पाय ब्रेकवर. पावसाळ्यात घाटातला चिखल रडारच्या झाकणावर बसतो. खालापूरला ओल्या फडक्याने पुसला की डॅशवरची ‘सेन्सर ब्लॉक’ ही सूचना जाते.

रांगेत यंत्रणा पुढच्या गाडीमागे तीनेक मीटरवर थांबते. बोगद्यात निदान पाच हवेत, पुढची गाडी पेटली किंवा बंद पडली तर वळवून निघायला. त्यामुळे शेवटचा ब्रेक स्वतःच, जरा आधी मारावा आणि हॅझर्ड दिवे लावावेत.