चाकं पॉलिशला दिली, चंदेरी रंग फासून परत आली

माझी पल्सर २२० मालवणला घराच्या पडवीत दोन पावसाळे उभी होती, मी कामासाठी पुण्यात. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारं वारं चोवीस तास. परत आलो तेव्हा मॅगव्हीलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचा, काळा रंग ठिकठिकाणी फुगला होता. नखाने खरवडलं की खालून पांढरी भुकटी पडायची. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण मिठाने त्याच्यावरचा पातळ संरक्षक थर फुटला की टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि आत आत पोखरत जातात.

घाटावरच्या एका शहरात चाकं आरशासारखी करून देतात असं कळलं. दोन्ही चाकांचे पाच हजार ठरले. त्या माणसाने कामाची पद्धत इतकी नीट समजावली की मी भुललो. टायर उतरवणार, जुना रंग काढणार, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २००० पर्यंत पाण्यात घासत नेणार, मग बफ मारणार, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक थर. यातला शब्दन् शब्द बरोबर होता. काम असंच करतात. त्याने ते केलं मात्र नाही.

चार दिवस लागतील म्हणाला होता. दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला, “दादा, गाडी तयार आहे.” तिथेच मला शंका यायला हवी होती. ट्यूबलाइटच्या उजेडात चाकं लखलखत होती. ताज्या रंगाचा वास येत होता, तर म्हणे क्लिअर कोटचा आहे. कोपऱ्यात फरशी धुवायच्या अ‍ॅसिडचा कॅन दिसला, तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मोबाइलवरून पैसे दिले, बिल मागितलं नाही, आणि फोंडा घाट उतरून घरी आलो.

सकाळी उजेडात बघतो तर टायर आणि रिमच्या फटीत आमच्या अंगणातली लाल माती तशीच वाळून बसलेली. टायर उतरवलाच नव्हता! फोटो पाठवला तर उत्तर आलं, “ती माती येताना रस्त्यात लागली असेल.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

दोन आठवड्यांत चंदेरी पापुद्रे सुटायला लागले. पुढचं बेअरिंग घरघरू लागलं, डिस्कच्या बोल्टांवर तांबूस गंज आला. तेव्हा त्या अ‍ॅसिडच्या कॅनचा अर्थ लागला: चाकं त्यानेच धुतली असणार. पुढच्या चाकात २५ हवा भरली की दोन दिवसांत १५ वर. शेवटी कुडाळला टायरवाल्याकडे गेलो. त्याने टायर उतरवला. टायर रिमवर जिथे घट्ट बसतो तिथे पांढरी खरड साचली होती, हवा तिथूनच जात होती. मग त्याचं बोट रिमच्या कडेवर एका जागी थांबलं. स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर करडी पुट्टी खपलीसारखी निघाली, आणि खाली तडा. बोटाच्या पेराएवढा, कडेपासून आत गेलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “ह्याच चाकावर घाट उतरलात?”

तो तडा कधी पडला, मला माहीत नाही. एखाद्या खड्ड्यात पडला असेल. पण पुट्टी भरणाऱ्या हाताला तो दिसला होता, आणि त्याने मला सांगितलं नाही. पाच हजार गेल्याचं दुःख मी विसरेन, हे विसरणार नाही.

तुमची चाकं कोणाला देणार असाल तर आधी टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी खडूची एक रेघ मारा आणि तिचा फोटो काढून ठेवा. टायर खरंच उतरवला असेल तर रेघ पुसलेली किंवा जागा बदललेली दिसेल. क्लिअर कोट मारण्याआधी उघडा धातू दिवसाच्या उजेडात जाऊन बघा आणि निम्मे पैसे तोवर हातात ठेवा. पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा. उघडं अ‍ॅल्युमिनियम असेल तर फडकं काळं होतं, चंदेरी रंग असेल तर होत नाही. कोट चढल्यावर ही परीक्षा चालत नाही, म्हणून ती आधीच करायची. कोणी अ‍ॅसिडने पाच मिनिटांत साफ करतो म्हणाला तर गाडी तिथून काढा. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिडही खातं आणि कॉस्टिक सोडाही खातो. घरीसुद्धा हा प्रयोग करू नका.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे दिल्याची मोबाइलवरची नोंद आणि त्याचे मेसेज जोडलेत. मागच्या चाकाला पावडर कोटिंग करून घेतलं, पुढचं नवीन टाकलं. तडा गेलेलं चाक मी भंगारात दिलेलं नाही. कोणीतरी त्यात पुन्हा पुट्टी भरून, रंग मारून, तिसऱ्याच्या गाडीला बसवेल. तड्याभोवती खडूने गोल करून ते पडवीत खुंटीला टांगून ठेवलंय.