360 कॅमेरा आणि व्हर्च्युअल टूरची वर्गणी : बरेच महिने वापरल्यावर

वर्गणीचं नूतनीकरण अडकलं आणि आमचं अख्खं प्रदर्शन इंटरनेटवरून गुल झालं, म्हणून हे लिहायला बसलो. हा कॅमेरा चारही बाजूंचं सगळं एकाच फोटोत टिपतो. त्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत (72 मेगापिक्सेल, दोन फिशआय म्हणजे खूप रुंद दिसणारी भिंगं), ते उगाळत नाही. त्या फोटोंमधून इंटरनेटवर घरबसल्या फिरवते ती टूर; ती चालवणाऱ्या परदेशी सेवेचं नावही घेत नाही. ज्यांनी वापरलीय ते ओळखतील.

काम असं होतं. कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये आम्ही काही जणांनी जुन्या नाशकातल्या घरांमधली तांब्या-पितळेची भांडी मांडली होती. बंब, घंगाळं, सतेली, पानाचे डबे, अडकित्ते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात कधीही जा, ठरलेला दगड ठरलेल्या कपाटात सापडतो. आमच्याकडे रविवारी रात्री ज्याचं भांडं त्याच्या घरी. मागे उरायचं ते दोनच गोष्टींत : कशाशेजारी काय मांडलं होतं, आणि प्रत्येक वस्तूपुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी. कुठल्या वाड्यातलं, कुणाच्या लग्नातलं, डाग कुठल्या तांबटाने दिला, हे सगळं त्या चिठ्ठीवर. ती काढली की बंब म्हणजे नुसता बंब.

पहिले दिवस खूश होतो. ट्रायपॉड मधोमध, आपण दाराआड, शटर फोनवरून. दुपारभरात हॉल उरकला. लिंक पाठवली तशी पुण्या-मुंबईची, परदेशातली मंडळी घरबसल्या फिरली, कौतुकाचे मेसेज आले.

मग एक काका घरी आले. “आमच्या घंगाळापुढच्या चिठ्ठीवर आजीचं नाव होतं बघ, ते जरा मोठं करून दाखव रे.” मी मोठं केलं. आणखी मोठं केलं. राखाडी चौकोनांची रांग. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “पंखा मात्र छान दिसतोय.”

तेव्हापासून माझं डोकं त्या चिठ्ठीतच अडकलंय. हिशोब करून बघा. 72 मेगापिक्सेलचा फोटो आडवा साधारण 12,000 पिक्सेल, तो 360 अंशांत वाटला की अंशाला 33. पंधरा सेंटिमीटरची चिठ्ठी दोन मीटरवरून सव्वाचार अंश भरते, म्हणजे 140 च्या आसपास पिक्सेल. ओळीत तीस अक्षरं धरली तर अक्षराला पाचसुद्धा येत नाहीत. पाच पिक्सेलांत रफार, अनुस्वार आणि वेलांटी बसवून दाखवा! 23 मेगापिक्सेलवाल्या कॅमेऱ्यात तर अक्षराला तीनही मिळत नाहीत. म्हणजे फरशीची नक्षी, पंखे, कोपऱ्यातला वायरींचा गुंता जपला गेला आणि वाचायचं ते गेलं. सेवेच्या मदतकक्षाला लिहिलं, तर उत्तर आलं की वरचा प्लॅन घ्या. वरच्या प्लॅनने पिक्सेल वाढतात होय!

बाकीचं थोडक्यात. दोन भिंगांच्या जोडावर जवळची वस्तू आली की फाटते. दाराजवळच्या बंबाला दोन तोट्या आल्यात. काचेच्या पेटीत ट्रायपॉड दिसतो. फोनच्या लायडारने (प्रकाश टाकून अंतर मोजणारा सेन्सर) थ्रीडी करायला गेलो, तर चकाकत्या पितळेचा नुसता लगदा. मातीची भांडी असती तर जमलं असतं.

आता पैशांचं. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला ई-मॅन्डेट, म्हणजे ग्राहकाने आधी नोंदवलेली ऑनलाइन संमती, लागतो. या सेवेकडे ती सोय नाही, त्यामुळे बँकेने वसुली नाकारली. यांनी टूरला कुलूप लावलं. मेलामागून मेल केले, दर वेळी तेच छापील उत्तर. पूर्ण टूर उतरवून घ्यायची सोय? ती वरच्या प्लॅनमध्ये. भाडं थकलं तर भांडीसुद्धा आत ठेवून घेणारा घरमालक झाला हा.

अपडेट : वरचा राग कायम आहे, पण वर्गणी भरली नाही. मूळ फोटो माझ्याच डिस्कवर होते. पॅनेलम नावाचा फुकट, ओपन सोर्स व्ह्यूअर आहे, त्यात 2:1 मापाची (उंचीच्या दुप्पट रुंद) जेपीजी टाकली की झालं. दोन गोष्टी सांभाळा. कॅमेऱ्याची मूळ फाइल कंपनीच्या ॲपशिवाय नीट उघडत नाही, तेव्हा जेपीजी लगेच काढून ठेवा. आणि पेन ड्राइव्हवरून नुसतं डबल-क्लिक करून टूर उघडत नाही, ब्राउझर अडवतो. छोटा लोकल सर्व्हर, म्हणजे आपल्याच संगणकावरून ब्राउझरला फाइली पुरवणारा प्रोग्रॅम, लागतो.

दुसऱ्या प्रदर्शनाला (जुने अडकित्ते आणि दिवे) प्रत्येक चिठ्ठीचा साध्या फोनने सरळ समोरून वेगळा फोटो काढला. फाइलच्या नावात टेबल आणि वस्तूचा क्रमांक. टूरमध्ये वस्तूवर ठिपका, तो दाबला की चिठ्ठी स्वच्छ उघडते, खाडाखोडीसकट. काम कंटाळवाणं आहे, पण या सगळ्या खर्चात उपयोगाची निघाली ती ही फुकटातली गोष्ट. काकांची चिठ्ठी त्यांच्या डब्यात सापडली, तीही जोडली.

फुकटचंही कायम टिकेल असं नाही म्हणा. वेबपानांवर हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला काढला, आणि त्यात बांधलेली जगभरच्या संग्रहालयांची ऑनलाइन दालनं एका फटक्यात उघडेनाशी झाली. म्हणून जेपीजी, चिठ्ठ्यांचे फोटो आणि सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवलाय.

कॅमेऱ्याला तीन तारे, सेवेला एक, तोही पहिल्या महिन्याचा. कॅमेरा विकत नाहीये. नाशकात कुणाचं चार दिवसांचं प्रदर्शन असेल तर घेऊन जा. मेमरी कार्ड मात्र आपलं आणा.