जामीनदार की अनामत? वाचनालयाचा नियम ठरवताना

नव्या सभासदाकडून जामीनदाराची सही घ्यावी की अनामत रक्कम? कार्यकारिणीत हा विषय निघाला की चहा निवतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात मी दोन्ही पद्धती राबवल्यात, तेव्हा माझा कल लपणार नाहीच.

जामीनदाराची पद्धत दिसायला गरिबाच्या बाजूची. पैसा लागत नाही, शहरातल्या एका माणसाची सही पुरते. पण गडचिरोलीहून एमपीएससीसाठी आलेल्या, खोली करून राहणाऱ्या पोराला नागपुरात ओळखतं कोण? खानावळवाला. त्याची सही आम्हाला चालत नसे, कारण नियमात शब्द होता ‘प्रतिष्ठित नागरिक’. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पदाधिकाऱ्यांच्या भाच्या-पुतण्यांना मात्र एका दिवसात जामीनदार मिळे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आपण सरकारी अनुदान घेतो आणि सभासद कोणी व्हायचं ते ओळखीवर सोडतो, हे मला तरी पटेना.

शेवटी अडलेल्या पोरांसाठी मीच सह्या करू लागलो. एक, दोन करता करता अकरा अर्ज झाले. मग मे महिन्यातल्या एका दुपारी मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो आणि ग्रंथपाल बाई थकबाकीची वही घेऊन आल्या. “भाऊ, या तिघांचे जामीनदार तुम्हीच आहात.” म्हणजे वसुलीचं पत्र काढणारा मी आणि ते ज्याला जायचं तोही मीच! एका पुस्तकाची किंमत गुपचूप भरून टाकली. दुसऱ्याच्या वडिलांना फोन केला, तर “पोरगं पुण्याला गेलं जी.” तिसऱ्याचा नंबरच बंद. माझ्यापुरता निकाल त्याच दुपारी लागला.

अनामत बिनदोष आहे असं नाही. रक्कम फार ठेवली की गरिबाला दार बंदच. आम्ही ती दोन हप्त्यांत घेतो, आणि तेही जमत नसेल तर आत बसून वाचायला काही लागत नाही. खरी मेख वेगळीच आहे. अनामत हे उत्पन्न नव्हे, देणं आहे. ताळेबंदात ती देणी बाजूलाच हवी. अनुदानाचा हप्ता लांबला की वीजबिलासाठी तिच्यावर हात जातो आणि नोकरी लागलेलं पोर पैसे परत मागायला आलं की धावाधाव. म्हणून बँकेत वेगळं खातं काढा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर लेखापरीक्षण चुकत नाहीच.

रकमेचा आकडा संस्थेच्या घटनेत घालू नका, नियमावलीत ठेवा. घटना बदलायची तर धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आल्या. नियमावली सर्वसाधारण सभेत बदलते. आणि ओळखीसाठी आधारच हवं असा हट्ट नको. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधली खासगी संस्थांना ओळखीसाठी आधार वापरण्याची मोकळीक रद्द केली. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, काहीही चालतं.

गाव लहान असेल, सगळे सगळ्यांना ओळखत असतील, तर जामीनदार कदाचित तुम्हाला सोयीचा पडेल. आमच्याकडे जुन्या सभासदांना बदलासाठी वर्षभर दिलं. माझ्या अकरापैकी नऊ जामीनपत्रं फाडून झाली. उरलेली दोन अजून कपाटात आहेत.